पदावरची 'चाल'

काही वर्षांपूर्वी याच पत्रिकेत मी जुन्या गणेश मेळ्यांच्या छापील पदांविषयी एक छोटे टिपण लिहिले होते. वाचकांपैकी काहींना ते स्मरत असेल. काव्य म्हणून ही पदे सामान्य आहेत, वृत्ताचे दोष ठायी ठायी आढळतात, केवळ त्यामागील देशभक्तीच्या भावनेमुळे ती जतन करावीत, असा त्या टिपणाचा निष्कर्ष होता. तो निष्कर्ष चुकीचा होता असे आज मला वाटते. केवळ मत बदलले म्हणून हे लिहीत नाही. ज्या पद्धतीने मी ती पदे वाचली ती पद्धतच सदोष होती, आणि आपल्याकडील पुष्कळ मान्यवर अभ्यासकही त्याच पद्धतीने वाचत आले आहेत.

प्रथम ही छापील वस्तू काय होती ते पाहू. सुटे एक पान, दुमडून केलेले चोपानी, फार तर दोन टाके घातलेली सोळा पानी चोपडी. कागद हलका, शाई कुठे फिकी कुठे फुटलेली, शेवटच्या पानावर औषधाची किंवा अत्तराची जाहिरात. किंमत पैसा, दोन पैसे, फार तर आणा. मेळ्याची पदे, शाहिरांचे पोवाडे, नाट्यगृहाच्या दारात विकली जाणारी नाटकाची पद्यावली, जलशाची गाणी, पुढे बोलपट आल्यावर त्यातील गीतांच्या पुस्तिका, असा हा मोठा गोतावळा आहे. ग्रंथालये त्याला ग्रंथ मानीत नव्हती. सरकार मात्र मानीत होते. १८६७ च्या २५ व्या अधिनियमात 'पुस्तक' या शब्दाची जी व्याख्या होती तिच्यात चोपडी आणि स्वतंत्र छापलेला संगीताचा कागदही येत होता. मुद्रकाचे नाव व ठिकाण छापणे सक्तीचे होते आणि सरकारदरबारी प्रती द्याव्या लागत. आयुष्याची पस्तीस वर्षे अधिनियम व त्यांखालील नियम चाळण्यात गेल्यामुळे असेल, पण एका फाटक्या चोपडीच्या तळाशी छापखान्याचा पत्ता दिसला की तिला जन्मदाखला मिळाल्यासारखे मला वाटते.

परंतु या चोपड्यांतील सर्वांत महत्त्वाची ओळ मुद्रकाची नव्हे आणि कवीचीही नव्हे. ती प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात असते : 'चाल', आणि त्यापुढे कोणत्या तरी दुसऱ्या गाण्याचे दोन-तीन शब्द. स्वरलिपी नाही, ताल नाही, कसे म्हणावे याची सूचना नाही. चाल वाचकाला ठाऊक आहे हे छापणाऱ्याने गृहीत धरलेले आहे. म्हणजे त्या कागदावर पदाचा निम्मा भाग छापलाच नव्हता. तो घेणाऱ्याच्या कानात होता. आपण समीक्षक मंडळी तो छापलेला निम्मा भाग घेऊन बसलो आणि हे अपुरे आहे, रचना ओबडधोबड आहे, अशी तक्रार करीत राहिलो.

हा प्रकार एकट्या मराठीचा नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया या शहरांत अशीच एकपानी गाणी एक-दोन सेंटला विकली जात. सभोवार नक्षीची चौकट, वर एखादे चित्र, खाली नुसते शब्द आणि मथळ्याखाली अमुक गाण्याच्या चालीवर अशी सूचना. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात अशी चार हजारांहून अधिक पाने जपलेली आहेत. त्याआधी आयझाया टॉमस नावाच्या मुद्रकाने १८१४ च्या सुमारास बॉस्टनच्या एका दुकानातून अशी तीनशेवर पाने विकत घेऊन बांधून ठेवली होती. सामान्य लोकांत त्या काळी काय चालते हे पुढच्यांना दिसावे एवढाच त्याचा हेतू. धन्याने घरातील रद्दीला नमस्कार करावा तसे हे कृत्य त्या वेळी वाटले असेल. आज त्या संग्रहावाचून त्या देशाचा सामाजिक इतिहास लिहिता येत नाही.

तिकडच्या विद्वानांनीही आपल्यासारखीच चूक केली होती. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ इंग्रजी-स्कॉटिश लोकगाथांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. छापील एकपानी गाण्यांना ते उकिरड्याची उपमा देत. आणि संग्रह जवळजवळ सगळा शब्दांचा, चालींना त्यात नाममात्र जागा. पुढे बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी त्याच गाथांच्या चाली शोधून १९५९ ते १९७२ या काळात चार खंड काढले. चाल नसेल तर ती गाथाच नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. एका विद्वानाने सोडलेला निम्मा भाग गोळा करण्यासाठी दुसऱ्याला आपले आयुष्य वेचावे लागले. आपल्याकडे तो दुसरा विद्वान अजून यावयाचा आहे.

आपल्याकडील पहिले मोठे काम ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचे. १८९१ साली त्यांनी इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे छापले, आणि १८९४ मध्ये ॲकवर्थ यांनी त्यांतील काहींचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले. त्या दोघांचे उपकार मोठे आहेत, ते नसते तर पुष्कळ पोवाडे गोंधळ्यांबरोबरच गेले असते. पण तेव्हापासून पोवाडा हा प्रामुख्याने इतिहासाचे साधन ठरला. लढाईची तिथी बरोबर आहे का, सरदाराचे नाव चुकले का, यावर टिपांमागून टिपा लिहिल्या गेल्या. पोवाड्याच्या मध्येच येणारा 'चाल' हा शब्द, जिथे शाहीर लय बदलतो, डफाचा ठेका पालटतो आणि श्रोता सावरून बसतो, त्यावर मात्र फारसे कोणी थांबले नाही. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवरचा पवाडा छापला तेव्हा तो कोणासाठी आहे हे प्रस्तावनेतच सांगितले होते : कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून, आणि त्यासाठी लांबलचक संस्कृत शब्द टाळून. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्यातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणजे जोतीरावांना तो वाचला जाणे अपेक्षित नव्हते, एकाने म्हणावा आणि पन्नासांनी ऐकावा हे अपेक्षित होते. तरीही कित्येक वर्षे या पवाड्याची चर्चा भाषेच्या ओबडधोबडपणाभोवती फिरत राहिली. रचनाकाराने जो गुण म्हणून योजिला तोच दोष म्हणून मोजला गेला.

या पदांचा सर्वांत चांगला समीक्षक कोण, असे मला कोणी विचारले तर मी एका न्यायमूर्तींचे नाव घेईन. माझे हे म्हणणे काहींना रुचणार नाही. नाशिकचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते. आरंभी लावण्या रचीत, सावरकर बंधूंच्या सहवासात आल्यावर त्यांची प्रतिभा राष्ट्रीय पदांकडे वळली. त्यांच्या काही कविता 'लघु अभिनव भारत माला' या चोपडीत आल्या. ती प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर सावरकर यांना जून १९०९ मध्ये राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याच्या कलमाखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एका पदांच्या चोपडीसाठी जन्मठेप! त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, त्यामागे या शिक्षेचा संताप होता हे सर्वश्रुत आहे.

उच्च न्यायालयात अपील गेले. पदांत पुराणातले देव आहेत, शिवाजीमहाराज आहेत, चालू सरकारचे नावही नाही, असा बचाव होता. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर स्वतः मराठी जाणणारे आणि प्रार्थना समाजाचे अध्वर्यू. सामुदायिक गायनात काय सामर्थ्य असते हे त्यांना बाहेरून सांगण्याची गरज नव्हती. देवांची आणि वीरांची नावे हे निमित्त आहे, ऐकणाऱ्याला त्यातून चालू राज्याविरुद्ध लढण्याचाच उपदेश मिळतो, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. शिक्षा कायम झाली. तो निकाल अन्यायाचा होता याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु अर्थ कसा लावावा या दृष्टीने पाहिले तर न्यायमूर्तींनी जे केले ते आपण समीक्षकांनी केले नाही. कागदावर काय आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत, हे पद कोणाच्या कानी पडेल आणि त्याला काय कळेल हा प्रश्न त्यांनी विचारला. लावणीचा कान असलेल्या कवीने रचलेली पदे चौकात म्हटली जातील तेव्हा काय होईल, हे त्यांनी ओळखले होते. (योगायोग असा की त्याच १९०९ साली अमेरिकेतील स्पोकेन शहरी कामगार चळवळीचे एक लहानसे लाल गाणेपुस्तक निघाले. त्यातही पुष्कळ गाणी प्रार्थनागीतांच्या ओळखीच्या चालींवर बेतलेली, भक्तीच्या चालीत मालकांची टवाळी.)

१९१० च्या मुद्रण कायद्यानंतर मराठी पदांच्या चोपड्या जप्त होऊ लागल्या, आणि जप्त केलेल्या प्रती सरकारने दप्तरी लावून ठेवल्या. घराघरांतून ज्या चुलीत गेल्या किंवा वाळवीने खाल्ल्या, त्या दिल्लीच्या अभिलेखागारात आणि लंडनच्या ग्रंथालयात राहिल्या. दप्तरदिरंगाईची आपण नेहमी थट्टा करतो, पण इथे दप्तरानेच साहित्य वाचविले.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा कोणी नागपूरहून, कोणी इंदूरहून, कोणी लष्कर-ग्वाल्हेरहून कचेऱ्यांबरोबर भोपाळात आले. आमचे वडील लष्करहून आले. सामानात एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात पितळी देवांच्या खाली १९३० च्या दशकातील मेळ्याची एक सोळा पानी चोपडी. तिच्यावरूनच मी ते टिपण लिहिले होते. चौदा पदांपैकी नववे पद मला विशेष कंटाळवाणे वाटले होते. त्यात नुसती यादी आहे : मँचेस्टरचे तलम धोतर, डब्यातली बिस्किटे, कचेरीतला पंखा, साहेबाने दिलेली शाबासकी. ना आवेश, ना उपदेश. शिवाय तिसऱ्या चरणात दोन मात्रा जास्त. मी ते दोष मोठ्या ऐटीने दाखवून दिले होते.

टिपण छापून आल्यावर मी ते आत्याला वाचून दाखविले. ती तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती, डोळ्यांनी दिसणे जवळजवळ बंद झालेले. नवव्या पदाशी तिने मला थांबविले. म्हणाली, "वर चाल काय लिहिली आहे ते वाच आधी." मी वाचली. "अरे, हा पाळणा आहे. पाळणा कुणी असा वाचतं का?" आणि तिने तो म्हणून दाखविला. खोलीत एकदम वेगळेच काही घडले. धोतर, बिस्किटे, पंखा, शाबासकी ही यादी नव्हती, बाळाला निजविण्यासाठी दाखविलेली ती खेळणी होती. आणि बाळ म्हणजे समोर बसलेली आम्हा कारकुनांची जमात. संस्थानी मुलखात उघड बोलणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून कवीने शब्दांत काहीच म्हटले नाही, सगळे चालीत ठेवले. माझ्या दृष्टीने जादा असलेल्या त्या दोन मात्रा पाळण्याच्या झोक्यात कुठे विरून गेल्या ते कळलेही नाही. समोरच्या बैठकीत हशा कुठे पिकला असेल हे मात्र मला अचूक कळले.

त्या दिवशी आत्याने चौदांपैकी अकरा चाली म्हटल्या. पहिले दोन शब्द ऐकले की पुढचे आपोआप येई. त्या चालींची जातकुळी पाहिली तरी एक समाज उभा राहतो. सहा चाली संगीत नाटकांच्या, त्यांत दोन 'स्वयंवरा'तल्या. दोन आरत्यांच्या, एक पाळण्याची, एक लावणीची, एक बोलपटाची. लष्करातल्या मुलांना पुण्या-मुंबईची नाट्यपदे इतकी मुखोद्गत होती की केवळ दोन शब्दांचा इशारा पुरत होता. त्याच मेळ्यात आरतीच्या शेजारी लावणीची चाल चालत होती, आणि त्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी नाक मुरडल्याचे आत्याच्याने आठवत नव्हते. आमच्या घराण्यांचा म्हणून जो सोवळेपणा आपण आज सांगतो, तो कदाचित नंतरचा असावा.

नाट्यपदांच्याही चाली कोठून आल्या ते पाहण्यासारखे आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८० साली 'शाकुंतल' घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तन, कानडी पदे असे मिळेल तेथून घेतले. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचे वळण आणले, १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी बंदिशी वापरल्या. म्हणजे उत्तरेची चाल पुण्याला गेली, तेथे मराठी शब्द ल्याली आणि मेळ्याच्या चोपडीतून पुन्हा ग्वाल्हेरास आली. आपण उत्तरेत राहिलेली मराठी माणसे आहोत, ही ये-जा आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगावयास हवी होती. आपल्याच भूमीतले भास्कर रामचंद्र तांबे घ्या. १९३५ साली माधव जूलियन यांनी संपादिलेल्या त्यांच्या समग्र कवितेत कवितांना जाती, राग, ठिकाण आणि दिनांक दिलेले आहेत. तांब्यांसारखा सूक्ष्म कवीसुद्धा नुसत्या शब्दांवर कविता सोडीत नव्हता. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याच कविता घेतल्या आणि त्या नोंदी गाळल्या. मुलांनी त्या रुक्षपणे पाठ केल्या, यात मुलांचा काय दोष?

चालीची बाजू घेताना तिचे दुसरे रूप झाकण्याचा माझा विचार नाही. मेळ्यांच्या आरंभीच्या काळातच, १८९४ च्या सुमारास, पुण्यात वाटलेल्या काही श्लोकांत शेजाऱ्यांविषयी द्वेष होता. १९२२ साली केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा उभा केला तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर मेळ्याला मेळ्याने उत्तर मिळू लागले. त्यातील कित्येक पदे आज वाचवत नाहीत, म्हणवत तर नाहीतच. पण तेथेही चाल काय करते ते पाहण्यासारखे आहे. प्रतिपक्षाची लाडकी चाल घेऊन तिच्यात त्याच्याच विरुद्ध शब्द घातले की शिवी दुप्पट लागते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्दही वाजत असतात. हे सामर्थ्य चांगल्या कामी आले तसे वाईटही कामी आले.

या प्रवाहाची सर्वांत जिवंत शाखा आपल्या साहित्यसभांनी बहुधा दारातच ठेवली, ती म्हणजे आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डक यांनी १९७८ साली त्या जलशांवर पुस्तक लिहिले आणि स्वतः फड चालविलेल्या माणसाचे म्हणून ते फार मोलाचे आहे. वामनदादा कर्डक यांची सुरुवात १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनाने झाली, २००४ पर्यंत ते गात व लिहीत होते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर विजयादशमीला जा. भीमगीतांच्या चोपड्या आजही ढिगाने विकल्या जातात आणि पुष्कळांच्या डोक्यावर चालीची ओळ असते, बहुधा चित्रपटगीताची. आमच्यासारखे पदवीधर तेवढ्यावरून म्हणतात, यांना स्वतःची चाल नाही. हा आक्षेप किर्लोस्करांवर कोणी घेत नाही! किर्लोस्करांनी कानडी चाल घेतली तर ती रसिकता आणि वामनदादांनी सिनेमाची घेतली तर उसनवारी, हा न्याय कुठला? ज्याच्यापाशी पेटी नाही, वाद्यवृंद नाही, तालमीला जागा नाही, त्याने सगळ्यांना येते ती चाल घेऊन रात्रीत वस्ती गाती केली. यात कारागिरी आहे, आणि ती मोजण्याचे माप आपल्याजवळ नव्हते.

म्हणून एक साधी अपेक्षा आहे. मेळ्याची पदे, शाहिरी, जलसे यांचे संग्रह पुन्हा निघतात, स्मरणिकांतूनही छापले जातात. त्यांत जागा वाचविण्यासाठी पहिली कात्री चालीच्या ओळीवर पडते. ती पडू नये. आणि नुसती ओळ छापूनही भागणार नाही, कारण तिच्या पलीकडचे गाणे ज्यांच्या कानात आहे अशी माणसे आपल्या समाजात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. आत्याचे गाणे मी त्या दिवशी ध्वनिमुद्रित केले नाही. पुढच्या दिवाळीत करू म्हटले. त्या दिवाळीला ती नव्हती. पाळण्याची चाल मला येते, बाकीच्यांपैकी चार-पाच जेमतेम गुणगुणता येतात.

तिला न आलेल्या तीन चालींपैकी एक उर्दू होती. ती चोपडी घेऊन मी इतवाऱ्यात एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. तरुणपणी ते चारबैताच्या अखाड्यात डफ वाजवीत. त्यांना मराठी येत नाही. मी ते दोन शब्द वाचताच त्यांनी मान डोलावली, ही तर पारशी थिएटरची चीज, आमचे वालिद म्हणत, असे म्हणून बोटांनी चटईवर ठेका धरला आणि सबंध मुखडा म्हटला. मी त्यावर लष्करच्या मेळ्याचे मराठी पद म्हणून पाहिले. अक्षर न् अक्षर बसले. या वेळी यंत्र सोबत नेले होते.

दोन चाली अजून राहिल्या आहेत. दुसऱ्या आणि तेराव्या पदाच्या. कोणा वाचकाच्या घरी तशा चोपड्या असतील, किंवा त्या म्हणणारे कोणी वडीलधारे असतील, तर मंडळाच्या बैठकीच्या दिवशी मी चोपडी बरोबर आणीन.